तीन मिनिटं बारा सेकंदांवरचं हसू

"हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल," असं म्हणत तात्यांनी दारात एक बूट काढला आणि दुसरा काढायचा विसरून तसेच खुर्चीपर्यंत आले. "म्हणून आधीच सांगून ठेवतो, विश्वास ठेवू नका. पण या शहरात माणसाला एक वेळ विमान चालवून बघता येईल, हेडफोन कानाला लावून बघता येणार नाही!"

"बूट," त्यांची बायको म्हणाली. ती खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. "आणि आधी पाणी प्या."

समोरच्या कोचावर साडू बसले होते. ते बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म त्यांनी नकाशे काढण्यात घालवला होता, त्यामुळे अंतरं आणि आकडे यांच्या बाबतीत त्यांना ढिलाई चालत नसे. तात्या खरेदीला गेलेत असं कळल्यावर ते मुद्दाम ऐकायला येऊन बसले होते.

"किती दुकानं झाली?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"चार," मागून आलेली सून म्हणाली. तिने पर्स टाकली आणि भिंतीला टेकून खालीच बसकण मारली. "चार, बाबा. पायांना विचारलंत तर अकरा."

साडूंनी समाधानाने मान हलवली. तात्यांच्या आकड्याला तीनाने भागायचं, हे त्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं.

हेडफोन तात्यांना स्वतःसाठी नको होता. परवा बायकोला सत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि या घरात एक गोष्ट गेली सेहेचाळीस वर्षं पाहुण्यांना सांगितली जात होती. तात्या तेव्हा ध्वनिमुद्रक होते. एके दुपारी व्हायोलिन आणि पियानोचं रेकॉर्डिंग चालू असताना वरच्या ऑफिसातली एक टंकलेखिका कसलासा कागद द्यायला खाली आली. स्टुडिओचं जाड दार नीट लागलेलं नव्हतं. तात्यांनी घाईघाईत हेडफोन उलटा घातला होता, त्याची वायर नाकावरून लोंबत होती. ते बघून ती हसली, आणि ते हसू माइकने टिपलं. व्हायोलिन थांबतं, पियानो अजून सुरू व्हायचा असतो, त्या श्वासाएवढ्या फटीत. तीन मिनिटं बारा सेकंदांवर. ती टंकलेखिका म्हणजेच ही, असं म्हणून तात्या स्वयंपाकघराच्या दिशेने हात करत आणि पाहुणे माना वळवत. साध्या यंत्रावर ते हसू ऐकू येत नाही. भारी यंत्र मिळालं की एक दिवस ऐकवीन, हे शेवटचं वाक्य. लग्नानंतर सहा यंत्रं आली आणि गेली. भारी म्हणावं असं एकही नव्हतं.

गोष्ट अशीच चालली असती. पण सून मनावर घेणारी निघाली. तिने चार महिने पत्रं लिहून, फोन करून रेकॉर्ड कंपनीकडून मूळ टेपवरून केलेली प्रत मिळवली. आता कानांची तेवढी सोय राहिली होती. आईंच्या वाढदिवसाला आईंना त्यांचं हसू ऐकवायचं, असं तिने नवऱ्याला, नणंदेला, साडूंना, सगळ्यांना सांगून टाकलं होतं. परवा संध्याकाळी सगळे जमणार होते. हसू निघालं तर तात्यांची जन्माची पत राहणार होती. नाही निघालं तर काय, याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

"पहिलं दुकान," तात्या पाण्याचा पेला ठेवत म्हणाले. "ही एवढी काच. आत हेडफोन असा ठेवलेला, जसा राजाचा मुकुट. मी म्हटलं, काढा. तो म्हणतो, किल्ली मॅनेजरकडे. मॅनेजर कुठे? जेवायला. किती वाजता येतील? तर म्हणे, कालच गेलेत."

"असं नाही म्हणाला तो," सून म्हणाली. "अर्ध्या तासात येतील म्हणाला. आले दीड तासाने."

"आणि आल्यावर?" साडूंनी विचारलं.

"आल्यावर म्हणाले, खोकं उघडलं की घ्यावंच लागेल."

"बघा!" तात्यांनी साडूंच्या गुडघ्यावर थाप मारली. "न ऐकता घ्या म्हणे! अहो, चप्पलसुद्धा माणूस दोन पावलं चालून बघतो. मी त्याला म्हटलं, तुमचं लग्न असंच झालं का?"

"हे मात्र म्हणाले हो," सून कपाळाला हात लावून म्हणाली. "खरंच म्हणाले. सगळ्यांसमोर."

बायकोने एक शेंग उकलली. दाणे भांड्यात टपटपले.

दुसऱ्या दुकानात हेडफोन बाहेर मांडलेला होता, पण चोरीच्या भीतीने टेबलाला तारेने जखडलेला. तार वीतभर. कान तिथपर्यंत न्यायचे तर माणसाने घडी होऊन उभं राहायचं. तात्या तसे पाच मिनिटं वाकले आणि मग त्यांना सरळ करायला दोन विक्रेते लागले, असं त्यांचं म्हणणं. एकच लागला, असं सुनेचं. बरं, वाकून ऐकायचं काय, तर दुकानाचंच धडामधूम. स्वतःचं लावू देत नाहीत. "मी म्हटलं, माझ्याकडे माझं आहे, तीन मिनिटं बारा सेकंदांपर्यंत पोचू द्या. तर म्हणतो, काका, आमची पॉलिसी तीस सेकंदांची आहे."

"आणि तिसरं?"

तिसऱ्या दुकानाला आधी वेळ घेऊन जावं लागत होतं. एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आत गालिचा, मंद दिवे, आणि कुजबुजत बोलणारा एक दाढीवाला माणूस. त्याचं म्हणणं असं की यंत्र तापल्याशिवाय ऐकणं हा संगीताचा अपमान, तेव्हा पाऊण तास बसा.

"दोन दिवस म्हणाला होता," तात्या म्हणाले.

"पाऊण तास, बाबा."

"आणि हेडफोन केवढा जड! साडूभाऊ, मानेला लावायचा पट्टा वेगळा घ्यावा लागतो."

साडू खो खो हसले. सून हसली नाही. ती घोटा चोळत होती आणि चोळता चोळता तिचा हात थांबला होता. त्या पाचव्या मजल्यावर यंत्र तापल्यानंतर काय झालं, ते तात्या सांगत नव्हते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं होतं. जागा जवळ आली तसं त्यांनी एक बोट वर केलं, जुन्या सवयीने, काचेपलीकडच्या वादकांना खूण करतात तसं. जागा निघून गेली. बोट वरच राहिलं. मग ते हळूच म्हणाले, "परत." असं तीनदा. चौथ्यांदा त्यांनी हेडफोन काढला, दाढीवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "कापूस भरलाय तुमच्या यंत्रात." जिना ते कठडा धरून उतरले. तळमजल्यावर आल्यावर सगळ्या कंपन्यांचा एकजात उद्धार केला.

"बरं, चौथं?" साडूंनी डोळे पुसत विचारलं.

"चौथ्याचं नावच काढू नका."

"चौथं चांगलं होतं," सून म्हणाली.

"चांगलं? अहो, ती पोरगी मला डोळे मिटून ऐकायला सांगते! मला! तिचा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून मी—"

"तिने सहा हेडफोन काढून दिले, आई. एक नाही, सहा. पुसून दिले. घाई नाही, काही नाही. वर म्हणाली, काका, तुम्ही नक्की काय शोधताय ते सांगा, मीही ऐकते. मग बाबांनी तिला तुमची गोष्ट सांगितली. पूर्ण. वायर नाकावरून लोंबत होती तिथपासून."

बायकोने मान वर केली नाही. "मग?"

"मग तिने ऐकलं. मी ऐकलं. शेजारी एक गिऱ्हाईक होतं, तेही म्हणालं, मलाही द्या. सगळ्यांनी ऐकलं." सून थांबली. "कुणीतरी श्वास घेतं तेवढा येतो. बहुतेक व्हायोलिनवाला. पुढे पियानो."

"त्यांचे कान तयार नाहीत," तात्या म्हणाले. "आणि हेडफोन सगळे फडतूस. बारीक आवाज गिळतात. हल्ली बनवतातच तसे. सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलंय."

"सगळ्या कंपन्यांनी? तुमच्या बायकोचं हसू गिळायचं?" साडू म्हणाले.

"तुम्ही नकाशे काढा!"

"बाबा, मला एक खरं सांगा," सून सरळ बसली. दिवसभराची धूळ, दीड तासाचा मॅनेजर, पाच मजले, सगळं तिच्या आवाजात उतरलं होतं. "परवा माणसं येणार आहेत. अजून एक दुकान आहे, पण ते या शहरात नाही. गाडीने तीन तास. म्हणजे उद्याचीही रजा. मी टाकते रजा, मला त्याचं काही नाही. पण तिथे जाऊन पुन्हा कापूस आणि पुन्हा फडतूस असं करणार असाल, तर आत्ताच सांगा."

तात्या पायातल्या एका बुटाकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी नाडीचं टोक शोधलं, पण गाठ सुटेना.

"जाऊ की," ते खालूनच म्हणाले. "तिथे सापडेल. ते दुकान वेगळं आहे. त्यांचा हेडफोन म्हणे मुंगीचं चालणंसुद्धा—"

"उद्या कुणी कुठे जायचं नाही," बायको म्हणाली.

तिने मांडीवरची सालं गोळा करून कागदात बांधली, उठली, तात्यांसमोर स्टुलावर बसली आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊन नाडीची गाठ नखाने सोडवू लागली.

"सूनबाई, खुर्ची करकरली म्हणून यांनी बावीस वादकांना सगळं पहिल्यापासून वाजवायला लावलं होतं. एकदा. दुसऱ्यांदा कुणाचं तरी पोट गुरगुरलं म्हणून. बिचारा दुपारचा उपाशी होता. नोटेशनचं पान उलटल्याचा आवाज आला तरी टेप पुसायचे, नवीन घ्यायचे. वरच्या ऑफिसात आम्ही पैजा लावायचो, आज काय पुसणार म्हणून."

"म्हणजे काय," तात्या म्हणाले. "काम म्हणजे काम."

"हो ना." गाठ सुटली. तिने बूट काढून बाजूला ठेवला, जोडीतल्या दुसऱ्याची जागा सोडून. "लग्नाच्या पहिल्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं. पण तुम्ही सांगायचात इतकं छान."

"काय लक्षात आलं होतं?"

"अहो, माझं हसू त्या टेपवर आलं असतं, तर तुम्हीच पुसलं असतंत."