खुली सुनावणी

देवयानीने हात वर केला आणि खाली घेतलाच नाही. मंचावरच्या साहेबांचं सगळं लक्ष जिरावन मसाला भुरभुरलेल्या पोह्यांत होतं. दिल्लीहून इंदूरला येऊन लोकांचं ऐकायचं म्हणजे आधी पोट भरलं पाहिजे, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

सुनावणी इंटरनेटची होती. बडा गणपतीजवळ देवयानीची इंटरनेट पुरवणारी छोटीशी कंपनी होती. तिच्या गिऱ्हाइकाने पलीकडे कृष्णपुऱ्यात बड्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला मेल पाठवली, तरी ती अमेरिकेला जाऊन परत यायची, कारण बडी कंपनी देवयानीची लाइन इथल्या इथे जोडून घेत नव्हती. त्या वळशाने तिची परदेशी जाणारी लाइन सदा तुंबलेली असायची. आता सरकार सगळ्यांच्या लाइनी एका जागी जोडणार होतं. कुणाला घ्यायचं आणि कोणत्या अटींवर, हे मात्र बंद खोलीत ठरत होतं. अटी उघड असाव्यात, सगळ्यांना सारख्या असाव्यात, एवढंच तिला मांडायचं होतं. नाहीतर गिऱ्हाइकं जाणार आणि दिवाळीपर्यंत कंपनीला कुलूप.

अखेर साहेबांनी हात पुसले. अटींचा मसुदा महिनाभर सरकारी वेबसाइटवर होता, हरकतींची मुदत कालच संपली, याहून पारदर्शक काय असतं, असं त्यांनी हिंदीत समजावलं. पारदर्शक हा शब्द ते बडीशेपेसारखा चघळत होते. देवयानीने सांगितलं, ती वेबसाइट बड्या कंपनीच्या जाळ्यावर आहे. आमच्या लाइनवर ती उघडतच नाही.

"तो मॅडम, उन्हीं की लाइन ले लीजिए," साहेब म्हणाले.

सभागृह हसलं. बड्या कंपनीचा माणूस हसणारच होता; पण तिच्यासारखे छोटे कंपनीवालेही दात काढत होते. त्यांचीच तिला जास्त किळस आली. स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरतेय आणि हे लाचार लोक साहेबांचं मन राखतायत.

संध्याकाळी घरी आली तरी ती धुमसतच होती. सासऱ्यांना, नानांना, सगळं सांगायचं होतं. त्यांची कापड मिल बंद झाली तेव्हा असल्याच सुनावण्यांतून तेही नुसता चहा पिऊन परत आले होते.

नाना कॉम्प्युटरवरून अमेरिकेतल्या नीरजशी, तिच्या धाकट्या दिराशी, बोलत होते. एरवी तुटत तुटत येणारा त्याचा आवाज आज शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता. टेबलावर बड्या कंपनीचा नवा कोरा मोडेम होता.

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"तुझ्या लाइनवर त्याचं अर्धं बोलणं समजतच नव्हतं गं," ते हळूच म्हणाले. "मिल चालू होती तेव्हाही घरात मी बाहेरचंच कापड आणायचो. सस्तं पडायचं."

ती काही बोलणार, एवढ्यात स्पीकरमधून नीरजने विचारलं, "वहिनी आल्या का? वहिनी, आज तो आवाज एकदम साफ येतोय. तुमचं सुनावणीचं काम बन गया वाटतं?"

नाना बोटाने टेबलावरची धूळ पुसत राहिले.

"हो," देवयानी म्हणाली. "झालं."