मेंदीचा क्लास

समजा, एका बाईंनी आपला तळहात तुमच्यापुढे उघडून धरलाय. तुमच्या हातात मेंदीचा कोन आहे. खोलीतली सगळी माणसं तुमच्याकडे कौतुकाने बघताहेत, आणि तुम्हाला साधी वेलही काढता येत नाही. काय कराल? लगेच सांगू नका. आधी मंतशाचं ऐका, कारण त्या दिवशी तिथे ती बसली होती.

मंतशा नववीत होती. तिच्या अब्बांचं, अय्युबभाईंचं, बुधवार पेठेत मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान. समोर हात धरून बसलेल्या कमरजहांखाला वाघोलीहून आल्या होत्या, मंतशाच्या थोरल्या बहिणीला, आफरीनला, आपल्या मुलासाठी बघायला. चहा झाला, नानकटाई झाली, आणि त्या म्हणाल्या, "धाकटी मेंदी शिकतेय म्हणे? काढ बेटा माझ्या हातावर. कोन मी येतानाच आणलाय."

हा मेंदीचा क्लास मंतशाच्या अम्मीने, नाजिमाने, मनाने रचला होता.

सहामाही परीक्षेच्या सुमाराला मंतशाचं काहीतरी बिनसलं. रडारड नाही, भांडण नाही. ताट पुढ्यात आलं तरी ती घास हातात धरून बसून राहायची. केस विंचरायचे तर हात वर न्यायचासुद्धा तिला कंटाळा. अब्बा म्हणाले, "मोबाइल काढून घ्या." घेतला. तिने तो परत मागितलाच नाही, तेव्हा मात्र अब्बा घाबरले. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, हा नैराश्याचा आजार आहे, सध्या गोळ्या नकोत, बोलण्याच्या उपचारांनी उतार पडेल, वेळ लागेल. त्यांनीच हेमाताईंचा पत्ता दिला. हेमाताई दर गुरुवारी येरवड्यात पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत मुलींना भेटत.

आता पुण्यात येरवडा म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे तुरुंग येतो, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. तिथे माणसं भाजी आणतात, मुलं शाळेत जातात, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. शेजारणीने एकदा विचारलं, "गुरुवारी पोरीला कुठे नेता हो?" नाजिमाच्या तोंडून निघून गेलं, "मेंदीच्या क्लासला." पुढे ते आपोआप वाघोलीपर्यंत पोचलं.

हेमाताई उपदेश करत नसत. एका गुरुवारी त्या म्हणाल्या, "आज मी मंतशा. तू अम्मी हो. विचार मला काय विचारायचं ते."

"काय होतंय तुला?" मंतशाने विचारलं.

हेमाताई फरशीकडे बघत राहिल्या.

"बोल ना गं. शाळेत कोणी काही म्हणालं का? माझं काही चुकलं का?"

हेमाताई गप्पच. शेवटी मंतशा थकली. "ताई, मी अशी बसते?"

"अशीच. आणखी थोडी वाकून."

मंतशाला हसू आलं नाही. पण 'माझं काही चुकलं का' हा प्रश्न आपण कुठून आणला, याचा विचार ती परतताना रिक्षात करत राहिली. अम्मीने तो कधी विचारलेला नव्हता.

मग वाघोलीचं स्थळ आलं आणि नाजिमाने सांगून टाकलं, "आफरीनआपाचं ठरेपर्यंत येरवडा बंद. नंतर बघू." पुढचा गुरुवार आला आणि मंतशा दिवसभर अंथरुणातच राहिली.

तर कमरजहांखालांचा हात पुढे होता.

"लाजते हो ती," नाजिमा म्हणाली.

"नुसत्या रेघा मार," आफरीन मंतशाच्या कानाशी पुटपुटली. "नवीन डिझाइन आहे म्हणून सांगू. प्लीज."

रेघा मारता आल्या असत्या. मग लग्न ठरलं असतं, खरेदी निघाली असती, पाहुणे आले असते, आणि गुरुवार मागे मागे पडत गेला असता. मंतशाने कोन खाली ठेवला.

"खाला, मी मेंदी शिकत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज बसमध्ये पुढच्या थांब्याचं नाव सांगणाऱ्या आवाजासारखा सपाट होता. "मी येरवड्याला जात होते. मला खूप दिवस काहीच वाटत नाहीये, म्हणून तिथल्या ताईंशी बोलते. मला परत जायचंय."

कमरजहांखालांनी हात हळूच मिटून घेतला. "इंजेक्शनं देतात?"

"नाही. बोलतात."

"नुसतं बोलायला एवढ्या लांब? घरात माणसं कमी आहेत का?"

थोड्या वेळाने कमरजहांखाला उठल्या. "घरी विचार करून कळवतो," असं दारात म्हणाल्या. अब्बा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला खाली गेले. आफरीन न्हाणीघरात गेली, आतून कडी लावली आणि बादलीत नळ सोडला. बादली भरून वाहू लागली तरी तिने तो बंद केला नाही.

नाजिमा स्वयंपाकघरात कप विसळत होती. मंतशा दारात येऊन उभी राहिली.

"झालं समाधान?" मागे न बघता नाजिमा म्हणाली. "आता बरं वाटत असेल."

"नाही वाटत," मंतशा म्हणाली. "काहीच नाही वाटत, अम्मी."

हे खरंच होतं. आपाचं स्थळ बहुधा गेलं, हे तिला कळत होतं; वाईट मात्र वाटत नव्हतं. ती आत आली आणि ओट्याला टेकून फरशीवर बसली.

"अम्मी, तुला काय होतंय?"

नाजिमाने धुतलेला कप पुन्हा पाण्याखाली धरला.

"बोल ना. माझ्यामुळे भीती वाटते तुला?"

नाजिमाची पाठ तशीच राहिली, फक्त कपावरचा हात थांबला. मंतशाने पाय पोटाशी घेतले आणि अम्मीकडे बघत ती तिथेच बसून राहिली.