खाऱ्या पाण्यात भेंडी

या, अशा जवळ या. उंबऱ्यात कशाला अवघडून बसलायसा, सतरंजी हाय की पुढं. टाळ ठेवा बाजूला, घोटभर पाणी प्या. आज गोष्ट ऐकवायची आहे ती काचेच्या टाकीत मावलेल्या एका समुद्राची, आणि त्या समुद्राशेजारी घटकाभरही स्वस्थ न बसलेल्या माणसाची. पुराणातली नव्हे, आपल्या कसबा बावड्यातलीच आहे. पण पांडुरंगाला काय, पुराण नि बावडा सारखाच.

तर अमरसिंह गुऱ्हाळवाला. चहा निवायच्या आत घशाखाली ढकलणारा, लग्नात अक्षता पडायच्या आत चपला शोधणारा. त्याचा धाकटा भाऊ धैर्यशील अगदी उलटा. तो मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळतो, सहा-सहा महिने पाण्यावर. घरी आला की माणसानं समुद्राला विटावं ना? त्यानं आपल्या खोलीतच समुद्र आणून ठेवला. मोठी काचेची टाकी, खारं पाणी, वाऱ्यावर डुलावीत तशी पाण्यात डुलणारी प्रवाळं आणि पाच मासे. त्यातली पांढऱ्या पट्ट्यांची नारिंगी जोडी त्यानं नखाएवढी असल्यापासून वाढवली होती. आई चिमणाबाई रोज देवपूजा झाली की त्या जोडीलाही हात जोडायच्या.

जहाजावर जाताना धैर्यशील टाकी एका मित्रावर सोपवून जायचा. "दादाला नको आई, दादा घाई करतोय," असं तो एकदा म्हणालेलं अमरसिंहानं दाराआडून ऐकलं होतं, आणि ते त्याच्या मनात काट्यासारखं मोडून राहिलं होतं. या खेपेला मित्र नोकरीसाठी पुण्याला गेला. निघताना धैर्यशीलनं थोरल्या भावाचे पाय धरले नि म्हणाला, "दादा, या बारीला तुझ्याच जिवावर ठेवून चाललोय." अमरसिंहाला एवढा आनंद झाला की बसस्टँडपर्यंत भावाची बॅग त्यानं खाली ठेवली नाही.

आणि महिनाभरात टाकीखालचा स्किमर बंद पडला.

स्किमर म्हणजे काय, सांगतो. टाकीखालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी असते, वरचं पाणी तिच्यातून फिरून परत वर जातं; तिच्यात ही नळकांड्यासारखी वस्तू उभी असते. पंप पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडतो, माशांची विष्ठा नि उरलेलं अन्न यांतून पाण्यात मिसळलेली घाण त्या बुडबुड्यांना चिकटते, फेस होऊन वर चढते आणि माथ्यावरच्या कपात पडते. कप काढून धुवायचा, झालं. अमरसिंहानं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणाला होता, "म्हंजे उसाच्या रसाच्या काहिलीतली मळी काढायचंच यंत्र की!"

पंप जळाला, तसं पाणी पिवळट दिसू लागलं. दगडांवर केसांसारखं शेवाळ धरलं. धैर्यशीलला निरोप धाडले, पण जहाज भरसमुद्रात, निरोप पोचेनात. अमरसिंह दुचाकी काढून शाहूपुरीत प्रसेनजीतच्या शोभेच्या माशांच्या दुकानात धडकला.

दुकानात दोन स्किमर होते. एक धाकटा, एक थोरला.

"ह्यो मोठा बांध," अमरसिंह उभ्या उभ्याच म्हणाला.

"दादा, बसा तर आधी. टाकी किती लिटरची?"

"हाय की चांगली मोठी. चार हात लांब."

"मासे किती?"

"पाच."

"मग थोरला कशाला? तो उपाशी राहील."

"यंत्र कसलं उपाशी राहतंय?"

"त्याला घाण लागती की दादा. घाण कमी पडली तर फेस धड उभाच राहत न्हाय. आणि कपाटाची उंची मोजलीसा का? कप वर उचलून काढायला जागा लागती. धाकटा तुमच्या टाकीला पुरून उरतोय बघा."

"पावणं, आमच्यात पंगत असली की पातेलं मोठंच चढतंय. कमी पडलं म्हणून कुणी नाव ठेवाय नको." अमरसिंहाच्या डोळ्यांपुढं धैर्यशील उभा होता. भावाच्या टाकीला धाकटं, स्वस्तातलं काही आणलं असं व्हायला नको होतं.

प्रसेनजीतनं खोकं बांधलं. "एक ध्यानात ठेवा. नवा हाय, आठवडाभर फेस येणार न्हाय नीट. चालू करा नि विसरून जावा. हात लावू नका."

हात लावू नका! असं अमरसिंहाला सांगणं म्हणजे वासराला दावं न लावता गाईजवळ सोडून पिऊ नको म्हणणं. यंत्र कपाटात कसंबसं बसलं. त्यानं हवेची नळी उघडली, मिटली. पंप सोडला, आवळला. गुऱ्हाळातून दर तासाला घरी. कपाटाचं दार उघडून बघायचा, नळकांड्यात बुडबुडे बोटभर वर चढायचे नि पुन्हा खाली बसायचे.

"अवो, माझ्या बाळंतपणात सुद्धा एवढ्या येरझाऱ्या घातला न्हाईसा," बायको प्रियदर्शनी म्हणाली.

"तू गप. फेस येईना झालाय."

"अमर, बस की रं जरा," आईनं जपमाळ थांबवून म्हटलं. "पाण्याला तरी दम खाऊ दे."

पाणी अजून पिवळंच. नारिंगी जोडीतली मादी त्या दिवशी कोपऱ्यात जरा जास्त वेळ थांबली, किंवा त्यालाच तसं वाटलं. आणि मग अमरसिंहाच्या डोक्यात ते आलं. गुऱ्हाळात रस उकळताना मळी वर येईना, तर काय करतात? रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळतात, ते बुळबुळीत पाणी काहिलीत सोडतात, आणि बघता बघता सगळी घाण गोळा होऊन वर! बाप तेच करायचा, आजा तेच करायचा. रसाला चालतं, तर पाण्याला का चालू नये?

एकादशी होती. घरची सगळी देवळात कीर्तनाला निघालेली. "व्हा फुडं, आलोच," म्हणून अमरसिंह मागं राहिला. गुऱ्हाळातून आणलेलं तांब्याभर भेंडीचं पाणी त्यानं कपाटातल्या टाकीत ओतलं आणि हात पुसत देवळात जाऊन बसला.

काय कीर्तन रंगलं होतं म्हणून सांगू! बुवा अभंग असा उलगडत होते, जशी आई लेकराच्या अंगावरचं पांघरूण अलगद काढते. मृदंग बोलत होता, बाया डोळे पुसत होत्या. आणि आमचा अमरसिंह? मांडी बदलतोय, मान वळवतोय, शेजारच्याच्या गुडघ्याला धक्के देतोय. विठ्ठलनामाचा गजर उठला, सगळ्यांचे हात वर गेले, तेवढ्यात हा गडी उठून चपला हातात घेऊन पळत सुटला.

घरात दिवेलागणीचा उजेड होता. खोलीच्या दारातच पाय घसरला. कपाटातून फेस बाहेर आला होता, फरशीभर, पलंगाखाली. वरच्या टाकीतलं पाणी ताकासारखं पांढुरकं. पाचही मासे वर आलेले, तोंडं उघडी.

अमरसिंहाचा फोन गेला तसा प्रसेनजीत पोचला तो तयार खाऱ्या पाण्याचे कॅन रिक्षात घालूनच. आल्या आल्या त्यानं स्किमरचा कप काढून फेकला आणि विचारलं, "दादा, काय घातलासा?"

"काय न्हाय."

"साबण? तेल? औषध? खरं सांगा, त्यावर माशांचा जीव हाय."

देवळातून परतलेली आई नि प्रियदर्शनी दारात उभ्या होत्या. अमरसिंहानं मान खाली घातली. "भेंडी."

"काय?"

"भेंडीचं पाणी. मळी वर यायला."

प्रसेनजीतला हसू फुटलं, माशांकडं बघून ते तिथंच विरलं. "पाणी बदला. अर्ध्यावर. हवेचे पंप असतील तेवढे लावा. वास न्हाय, विष न्हाय, पण त्या चिकटानं पाण्यातली हवा संपत चाललीय."

मग बादल्या. अमरसिंहानं उपसायचं, प्रियदर्शनीनं वाहायचं, प्रसेनजीतनं नवं पाणी धार धरून सोडायचं. आई टाकीशेजारी बसून हळू आवाजात नाम घेत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा अमरसिंहानं कुणी "सावकाश" म्हटल्यावर हात सावकाश केला.

सकाळी पाणी निवळलं होतं. चार मासे पोहत होते. नारिंगी जोडीतली मादी वाळूवर आडवी पडली होती.

प्रसेनजीतनं थोरला स्किमर परत नेला, धाकटा बसवून दिला. जाता जाता म्हणाला, "तसलीच एक मादी हाय दुकानात."

"आणूया की," प्रियदर्शनी पटकन म्हणाली. "भावजींस्नी काय कळतंय? पट्टा सारखाच असतोय."

अमरसिंहाच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. दिवसभर घरातून अंगणात, अंगणातून घरात. एकदा चावी घेऊन दुचाकीपर्यंत गेला, परत आला. त्याला दिसत होतं, धैर्यशील खाली बसून काचेला नाक लावेल, आणि एका नजरेत त्याला कळेल. नाही कळलं, तर आपल्याला तर कळत राहीलच.

दोन दिवसांनी जहाज बंदराला लागलं नि फोन वाजला.

"दादा, निरोप आत्ता दिसले. स्किमर घेतलास का?"

"घेतला. मोठा घेतला, चुकलं. मग..." त्यानं सगळं सांगितलं. भेंडीसकट. "तुझी नारिंगी मादी गेली, धैर्या. माझ्या हातनं गेली."

पलीकडं नुसता वाऱ्याचा आवाज. अमरसिंह पहिल्यांदाच न हलता खिडकीचा गज धरून थांबला. फोन कट झाला की काय, हेही त्यानं विचारलं नाही.

"भेंडी," धैर्यशील शेवटी म्हणाला. त्याचा आवाज हसण्याचा होता की रडण्याचा, अमरसिंहाला आजही सांगता येत नाही. मग तो म्हणाला, "राहिलेला नर खातोय का?"

"काल न्हाय खाल्लं. आज दोन कण उचलला."

"त्याच्याजवळ बस थोडा वेळ. घाई करून जास्त टाकू नगंस. आणि मला रोज कळव दादा. नेट असू दे न्हायतर नसू दे, तू लिहून ठेव. खातोय का, एवढंच."

अमरसिंह रोज कळवतो. टाकीपुढं पाट टाकून बसतो; पाय अजून हलतच असतात, पण बसतो.

एवढीच गोष्ट. आता एक मागणं आहे, नाही म्हणू नका. तिन्हीसांजेला देवापुढं हात जोडाल ना, तेव्हा आपल्या बावड्याचा धैर्यशील नावाचा एक पोरगा कुठल्याशा मोठ्या पाण्यावर आहे, त्याची तेवढी आठवण ठेवा.