अकरा गाड्या

मीराबाईने डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं आणि थेट मालकांनाच सांगितलं, "गंजी आतून गरम लागून राह्यली जी. हात ठेववत नाई."

देवळीच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, सकाळची पाळी नुकतीच लागली होती. जिनाचे मालक महादेवराव. त्यांनी कापसाच्या गंजीकडे पाहिलंच नाही, मीराबाईकडे पाहिलं. शनिवारच्या आत सरकी काढलेली रुई पोचवायचा शब्द गेला होता, आणि गंजी फोडून कापूस उन्हात पसरायचा म्हणजे दोन दिवस यंत्रं बंद. बायकांना उन्हात बसून मजुरी पाहिजे म्हणून गंजी गरम झाली, असं ते म्हणाले. मग भागीदाराकडे वळले.

"काय जी रूपरावजी? तुमी तं यातले पंडित."

रूपराव गंजीकडे निघाला.

पंधरा वर्षं त्याने अशाच प्रश्नांची उत्तरं विकली होती. पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, जिथे जिन तोट्यात जाई तिथून त्याला बोलावणं येई. आठ दिवस तो आवारात नुसता बसून राही. कोण रिकामं उभं राहतं, रुई कुठे सांडते, दारावर काय चुकतं, सगळं बघे. नवव्या दिवशी मालकाच्या हातात चार कागद ठेवून गाडी धरी. सांगितलेलं कोणी केलं की नाही, हे बघायला तो कधी परत गेला नाही. त्याची बायको मनकर्णा म्हणायची, दुसऱ्याच्या बैलाचे दात तुमाले बरे मोजता येते, एखादा आपल्या दारी बांधून पाहा. त्या टोमण्यापायी त्याने साठवलेलं सगळं महादेवरावांच्या जिनात घातलं. पाठोपाठ अनुभवाचं एक पुस्तकही लिहिलं आणि वर्ध्याला छापून घेतलं. भागातले जिनवाले ते गादीजवळ ठेवत. त्यात एक वाक्य जाड ठशात होतं : कापसाची गाडी कोणाचीही असो, ओल पाहायला कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय आत घेऊ नये.

तो गंजीपाशी गेला. बाही सारून हात घातला. वर थंड, मग कोमट, मग बोटांना चटका बसला. हात काढल्यावरही त्याने मागे वळायला वेळ लावला. गंजी का तापली हे त्याला ठाऊक होतं.

नऊ दिवसांपूर्वी, मनकर्णाची तेरवी उरकून तो पहिल्यांदा दारावर उभा राहिला होता. नत्थूजी नावाच्या शेतकऱ्याच्या गावच्या अकरा गाड्या आल्या. माणसं उतरली, पण कापसाचं कोणी बोललं नाही. सगळे त्याच्यासमोर मातीत बसले, माना खाली घालून. बऱ्याच वेळाने नत्थूजी म्हणाला, माझ्या पोरीच्या बाळंतपणात मनकर्णाबाई तीन दिवस तिच्या उशाशी होती. रूपरावाला हे माहीतच नव्हतं. तेव्हा तो कुठल्या तरी जिनात बसलेला असणार. पाणी पिऊन माणसं उठली. दारवान कवडूने हळूच विचारलं, "बाबूजी, पाहू का आत?" त्याने नको म्हणून हात हलवला. दुखवट्याला आलेल्या माणसाच्या गाडीत हात कसा घालायचा? अकराही गाड्या आत जाऊन याच गंजीवर रित्या झाल्या. कापसावर वजन वाढवायला पाणी शिंपलेलं होतं की तो दवाने ओला होता, कोण जाणे; पण ओला कापूस गंजीत आतून तापतो.

"फोडा लागते," रूपराव म्हणाला.

महादेवराव जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "बाई गेल्यापासून तुमाले सारंच जळतानी दिसते."

"आत चाळीस बाया हायेत."

यंत्रांवरच्या बायका काम सोडून दाराशी आल्या होत्या. महादेवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, गंजीकडे पाहिलं. "फोडतो. पन ओला माल आत कसा आला? कवडू, तू आत्ताच्या आत्ता घरी जाय."

कवडूने रूपरावाकडे पाहिलंही नाही. खुंटीवरचं आपलं घोंगडं काढलं आणि खांद्यावर टाकलं.

"कवडूनं नाई," रूपराव म्हणाला. "मी होतो. म्या हात नाई घातला."

"काऊन?"

"मले भेटाले आलते ते."

महादेवरावही याच भागातले. दुखवट्याला आलेल्याचा माल तपासू नये, ही रीत त्यांचीही. ते म्हणाले, "हे तुमच्या पुस्तकात नाई."

गंजी फोडली तेव्हा वाफ निघाली आणि आंबूस वास सुटला. कापूस पिवळा पडला होता. मधोमध परातीएवढा काळा झाला होता, आणि त्याच्या कडेला हवा लागताच बारीक धूर उठला. कवडूने खांद्यावरचं घोंगडं त्यावर टाकून घागर ओतली. महादेवराव त्या काळ्या डागाकडे बघत राहिले.

"उद्यापासून दारावर मी उभा राहीन," ते म्हणाले. "तुमी घरी बसा काई दिवस."

रूपराव बरं म्हणाला.

ऊन चढेपर्यंत सगळं आवार कापसाने भरलं. बायका रांगेने बसून तो उलटवत होत्या. रूपराव दाराकडे गेला नाही, त्याने कापसात जायला जोडे काढले. घरी कुलूप होतं. तो तसाच उभा राहिलेला पाहून मीराबाई जरा सरकली, आणि तो तिच्या बाजूला बसला.

"तसं नाई बाबूजी," थोड्या वेळाने ती म्हणाली. "तळवा सपाट ठेवा. खालचं वर आलं पाह्यजे."

त्याने तळवा सपाट ठेवला.