ओपलची तीन घड्याळांची फळी

मी एक जुनी फळी आहे. अक्रोडाच्या लाकडाची, हातभर लांब, कडा गुळगुळीत घासलेल्या. माझ्या माथ्यावर तीन घड्याळं आहेत आणि खाली कागद धरायला चिमटा. तिसरं घड्याळ बारा सेकंदांवर हटून बसलं आहे, ते काही केल्या पुढे जात नाही. पण मित्रांनो, एके काळी उघड्या चाकांच्या गाड्या ताशी पावणेदोनशे मैलांनी समोरून जायच्या आणि त्यांचा वेळ मी टिपायचे. सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत.

मला घडवलं व्हर्लिन गेर्डिस यांनी. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, ट्रॅक्टरच्या कारखान्यात ते हत्यारं बनवत आणि शनिवार-रविवारी मातीच्या धावपट्टीवर शर्यती करत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी मला करून बायकोच्या, म्हणजे ओपलच्या, मांडीवर ठेवलं. माझ्या मागे एक पितळी दांडी आहे. ती दाबली की पहिलं घड्याळ थांबतं, दुसरं पळू लागतं आणि तिसरं शून्यावर येऊन आपल्या पाळीची वाट बघतं. त्यामुळे एकही फेरी सुटत नाही.

"बाकीच्या नवऱ्यांनी बायकांना कानातली आणली," ओपल म्हणाली होती.

"कानातल्यांनी मला कळेल का, मी कुठे मागे पडतो ते?" व्हर्लिन म्हणाले.

तेव्हा बायकांना धावपट्टीच्या आतल्या बाजूला पाऊल टाकू देत नसत. ओपल कुंपणाबाहेर ट्रकच्या टपावर बसायची. पुढे बंदी उठली, तशा चालकांच्या बायका आणि आया भिंतीलगत रांगेनं बसू लागल्या. प्रत्येकीच्या मांडीवर माझ्यासारखी एकेक फळी, पायाशी कॉफीचा थर्मास. आपल्या गाडीची प्रत्येक फेरी कागदावरच्या चौकटीत लिहायची आणि शेजारून सुटलेल्या गाडीचीही लिहायची, असा त्या रांगेचा रिवाज होता. तंटा झाला की पंच मनोऱ्यावरून खाली उतरून त्या रांगेपाशी यायचे. ते ओपलचा कागद आधी मागायचे, हे सांगताना मला अजूनही थोडी ऐट येते.

व्हर्लिन गेले आणि त्यांच्या जागी मुलगा कर्टिस गाडीत बसला. आठवडाभर लोकांच्या घरांवर छपरं घालायची आणि सुट्टीच्या दिवशी मातीत गाडी घालायची, असा त्याचा क्रम. शर्यत संपली की हेल्मेट काढायच्या आधी तो हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "मॉम, कागद." आपण कुठल्या फेरीला ढिले पडलो ते बघायचा. कागदावर त्यानं कधी वाद घातला नाही. मोठ्या लंबगोल धावपट्टीवर मात्र त्याला कुणी विचारलं नाही. तिथे नाव लागतं, ओळख लागते. चाळिशी आली तरी कर्टिस मातीतच होता.

आणि मग आमच्या खेळाचं घर फुटलं. धावपट्ट्यांचे मालक एकीकडे गेले, मोठ्या संघांचे मालक दुसरीकडे. खरं कुणाचं होतं ते मला विचारू नका, मी लाकूड आहे. पण भावाभावांच्या भांडणात चूल वेगळी होते ना, तसंच झालं. जुलैमधली काल्डर क्रीकची दोनशे फेऱ्यांची शर्यत जवळ आली आणि मोठ्या संघांनी त्याच रविवारी मिशिगनमध्ये आपली वेगळी शर्यत जाहीर केली. नावाजलेले चालक तिकडे गेले. इकडे जागा रिकाम्या पडल्या. नळ आणि पाइप विकणाऱ्या हर्शेल नावाच्या गृहस्थानं एक दोन वर्षं जुनी गाडी घेतली आणि कर्टिसला बोलावलं.

वर्तमानपत्रांनी लिहिलं, ही उरल्यासुरल्यांची शर्यत. रांगेत वीस वर्षं ओपलच्या शेजारी बसणारी नॅडीनही मिशिगनला निघाली. जाताना ती म्हणाली, "या वर्षी तुझ्या पोरानं गाडी ढकलत नेली तरी पहिला येईल गं."

ओपल हसली. पण घरी आल्यावर तिनं मला तीनदा पुसलं, तेव्हाच मला कळलं की तिला ते लागलं आहे.

शर्यतीच्या दिवशी भिंतीलगत रांग नव्हतीच. आता रस्त्याखाली तार पुरली होती आणि प्रत्येक गाडीच्या पोटात एक डबी होती. गाडी तारेवरून गेली की मनोऱ्यातल्या कॉम्प्युटरला फेरी कळायची. ओपल एकटीच माझ्यासह स्टुलावर बसली.

"आजीबाई, स्वेटर विणायला आणलंत का काही?" टायर बदलणारा एक जण म्हणाला.

"तुझं तोंड शिवायला सुई आणलीय," ओपल म्हणाली आणि पेन्सिलीला टोक काढू लागली.

कर्टिसच्या शेजारून विन्स पॅलोटी नावाचा नवा चालक सुटला. रिवाजाप्रमाणे ओपलनं त्याचाही रकाना आखला. एकतिसाव्या फेरीला पॅलोटीचं चाक पंक्चर झालं आणि तो टायर बदलायच्या, धावपट्टीलगतच्या गल्लीत आला. टायर बदलून त्यानं तिथूनच, गल्लीतूनच, रेषा ओलांडली. ओपलनं चौकट भरली. गल्लीतली तार वरूनच टाकलेली होती आणि सकाळी जॅक पडून तुटली होती. हे कुणाला माहीत नव्हतं. ती जोडली गेली चाळिसाव्या फेरीच्या सुमाराला. तोवर गल्लीत आलेला पॅलोटी एकटाच होता. कॉम्प्युटरनं त्याची ती एक फेरी धरलीच नाही.

मित्रांनो, कर्टिस त्या दिवशी काय चालवत होता! जुनी गाडी, पण वळणावर अशी वळायची की माझ्या काट्यांना विश्वास बसेना. शेवटच्या फेरीत पॅलोटी चार गाड्यांएवढा पुढे होता आणि त्याच्यामागे कर्टिस. पॅलोटीनं रेषा ओलांडली, पाठोपाठ कर्टिसनं. ओपलनं दांडी दाबली. मनोऱ्यावरच्या फलकावर मात्र पॅलोटीच्या एकशे नव्व्याण्णवच फेऱ्या होत्या. पहिला क्रमांक कर्टिस गेर्डिसचा लागला.

हर्शेल नाचायला लागले. काल्डर क्रीकला विजेत्याला लोण्यात बुडवलेलं वर्षाचं पहिलं कणीस खायला देतात. ते कणीस कर्टिसच्या हातात आलं. त्याच्या हनुवटीवरून लोणी ओघळत होतं आणि कॅमेरे त्याच्याभोवती फिरत होते. चाळीस वर्षांचा माणूस लहान मुलासारखा रडत होता.

ओपल माझ्यावरच्या कागदाकडे बघत होती.

झेंडा पडल्यापासून अर्ध्या तासात तक्रार करायची, नंतर निकाल कायम, असा नियम होता. पॅलोटीची माणसं मनोऱ्याखाली ओरडत होती, पण त्यांचा संघ नवा, त्यांच्याकडे हातानं लिहिलेला कागदच नव्हता. साऱ्या मैदानावर असा कागद एकच होता. ओपलनं दांडी दाबल्यापासून माझं दुसरं घड्याळ पळतच होतं. त्याचा लहान काटा नेमकी तीसच मिनिटं मोजतो. दहा झाली. पंधरा झाली. ओपलनं मला छातीशी उलटं धरलं आणि ती तशीच बसून राहिली. तिच्याबद्दल मी खोटं सांगणार नाही. त्या वेळी तिला गप्प बसायचं होतं.

बाविसाव्या मिनिटाला कर्टिस आला. त्यानं आईला स्टुलासकट उचललं, खाली ठेवलं, आणि सवयीनं हात पुढे केला.

"मॉम, कागद."

"आज राहू दे. घरी गेल्यावर बघ," ओपल म्हणाली.

असं ती कधी म्हणाली नव्हती. कर्टिसनं तिच्याकडे नीट बघितलं आणि मला तिच्या हातातून हळूच सोडवून घेतलं. आधी त्यानं आपला रकाना वाचला, मग शेजारचा. त्याचं बोट एकतिसाव्या चौकटीवर थांबलं. मग तो शेवटापर्यंत गेला आणि परत एकतिसाव्यावर आला.

"ऊन फार होतं," तो म्हणाला. "एखादी जास्त लिहिली असशील."

"लिहिली असेन."

"मॉम."

"मी चौसष्ट वर्षांची आहे, कर्ट. माझा चष्मा जुना आहे. तू म्हणालास की मी चुकले, तर मी चुकले. कुणालाही तसंच सांगेन. देवालासुद्धा."

कर्टिस तिथेच जमिनीवर बसला. त्याच्या बोटांचं लोणी माझ्या कडेला लागलं. पलीकडे हर्शेल कुणाला तरी सांगत होते, की बघा, आता म्हणा उरलेसुरले. पंचवीस मिनिटं झाली होती.

"तू याआधी कधी चुकलीस?" त्यानं विचारलं.

ओपलचे डोळे भरले. "बासष्ट साली एकदा. तुझ्या बापाची एक फेरी कमी लिहिली होती. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही."

कर्टिस हसला. हसता हसता त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग तो उठला, मला काखेत घेतलं आणि मनोऱ्याकडे निघाला. आधी चालत, आणि काटा अठ्ठाविसावर गेला तसा पळत. पायऱ्या चढून त्यानं मला पंचांच्या टेबलावर ठेवलं.

"माझ्या आईचा कागद आहे," तो म्हणाला. "मी दुसरा आलोय."

पंचांनी पहिला क्रमांक पॅलोटीला दिला, आणि पुढचं सगळं पेपरात आलं. काहींनी कर्टिसचं कौतुक केलं, काहींनी फुटलेल्या खेळाच्या दोन्ही बाजूंना नावं ठेवली. पॅलोटीनं दुसऱ्या दिवशी घरी फोन केला, पण दोघं फक्त टायरांबद्दल बोलले. नॅडीननं माफीचं कार्ड पाठवलं. कर्टिस पुन्हा कधी पहिला आला नाही. आणखी दोन वर्षं त्यानं गाडी चालवली, मग तो छपरांकडे परतला. तारा सुधारल्या, कॉम्प्युटर सुधारले, फुटलेलं घरही बऱ्याच वर्षांनी एक झालं. मी मात्र कपाटात गेले, इस्त्री आणि जुन्या दिव्यांच्या माळांमध्ये. तेल नाही, किल्ली नाही. तिथेच माझं तिसरं घड्याळ अडकलं. कुणाला दोष देऊ? मोजायला काही उरलंच नव्हतं.

मग ओपल विसरू लागली. आधी चाव्या, मग नावं, मग व्हर्लिन गेले आहेत हेही. वृद्धाश्रमात न्यायची वेळ आली, तेव्हा सामान भरताना कर्टिसनं मला बाहेर काढलं. दोन घड्याळांना किल्ली दिली आणि मला तिच्या मांडीवर ठेवलं. तिचं बोट न चाचपडता थेट दांडीवर गेलं.

त्या आश्रमाच्या दारासमोर फुलांच्या वाफ्याभोवती एक गोल रस्ता आहे. दर रविवारी दुपारी कर्टिस आपला ट्रक घेऊन येतो. टपावर शिड्या खडखडत असतात. ओपलला व्हरांड्यात खुर्चीवर बसवतात, हातात पेन्सिल देतात, आणि तो वाफ्याला फेऱ्या मारतो.

"तुझ्याकडे पेट्रोल झाडाला लागतं का रे?" टॅमी नावाची परिचारिका त्याला चिडवते. "वास आत येतो सगळा."

"शर्यत आहे, टॅमी. बाजूला हो," कर्टिस म्हणतो.

गेल्या रविवारी त्यानं सात फेऱ्या मारल्या. पाचवीच्या वेळी ओपलच्या समोर एक चिमणी उतरली आणि ओपल तिच्याकडे बघत राहिली. दांडी दाबली गेली नाही. ट्रक थांबवून कर्टिस आला, गुडघे धरत पायरीवर बसला आणि हात पुढे केला.

"मॉम, कागद."

तिनं कागद दिला. त्यानं चौकटी मोजल्या. ओपल त्याच्या तोंडाकडे बघत होती. मुलाचं नाव तिला त्या दिवशी आठवत नव्हतं, पण कपाळावर आठी होती.

"सहा," ती म्हणाली. "बरोबर आहे ना? मी चुकले का?"

"नाही," कर्टिस म्हणाला. "सहाच मारल्या मी."

माझ्या काट्यांना ठाऊक होतं, सुटलेल्या पाचव्या फेरीचा वेळ लपलेला होता, जवळजवळ दुप्पट लांब झालेल्या एका फेरीत. जन्मभर मी कुणाची फेरी बुडू दिली नाही. त्या दिवशी मात्र मी गप्प बसले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना वर्षातून एकदा तेल द्या, आम्ही तेवढ्यावर चालतो. पण तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जिनं जन्मभर तुमच्या फेऱ्या मोजल्या. तिच्यासमोरून जात राहा. आणि तिच्या हातून एखादी फेरी सुटली, तर सुटू द्या.