नव्या कार्डाची पूजा

"गेला परत," शिवानी म्हणाली आणि खुर्ची मागे ढकलून डोळे मिटून बसली.

स्वयंपाकघरात भगवानराव मटार सोलत होते. हातातली शेंग हातातच राहिली. 'गेला' म्हणजे काय, हे त्यांना एव्हाना पाठ झालं होतं. कॉम्प्युटरचा पडदा काळा व्हायचा, आतले पंखे जिवाच्या आकांतानं भणभणायचे आणि मग यंत्र आपलं आपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं, जणू काही घडलंच नाही. गाणी लावा, मेल पाठवा, दिवसभर गुण्यागोविंदानं चालेल. पण शिवानीनं तिचं खरं काम काढलं, इमारतीचं हलतं चित्र तयार करायला घेतलं, की थोड्याच वेळात राम म्हणायचं.

"चहा टाकू का गं?" त्यांनी आतूनच विचारलं.

"टाका."

"काय म्हणतंय ते?"

"काही म्हणत नाही ना, बाबा. तोच तर प्रॉब्लेम आहे. एरर पण धड दाखवत नाही."

भगवानरावांनी गॅसवर पातेलं ठेवलं. चहात साखर घातली की नाही हे त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी पुन्हा घातली.

घरात ही पंचाईत नवं ग्राफिक्स कार्ड आल्यापासूनची. वर्तकनगरची एक जुनी वसाहत पाडून तिथं नवी इमारत उभी राहायची होती. तिच्या आर्किटेक्ट उत्तरा मॅडम. रविवारी सभासदांची बैठक होती आणि तिथं मॅडमना एक फिल्म दाखवायची होती, फाटकातून आत शिरून, लिफ्टनं वर जाऊन, थेट स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत नेणारी. ती फिल्म शिवानीकडे आली होती. 'ही नीट झाली तर पुढची कामं तुझीच, घरी बसून कर,' असं मॅडम म्हणाल्या होत्या. दुसरीकडे हैदराबादच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं आणि त्यांना सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मला जायचं नाहीये, असं शिवानी एकदा म्हणाली होती. तू जाऊ नकोस, असं भगवानराव एकदाही म्हणाले नव्हते. त्यांच्या पत्नी शीलाताई गेल्यानंतर कल्याण पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत बापलेकच उरली होती, आणि अशा वेळी बापानं असं काही बोलू नये, एवढं त्यांना कळत होतं.

आज शनिवार होता.

शिवानी हातावर हात ठेवून बसणारी मुलगी नव्हे. तिनं कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, जुनं टाकून पाहिलं, तापमान पाहिलं. कॅबिनेट उघडून कार्ड काढलं, पुन्हा बसवलं. जुनं कार्ड लावलं की मशीन शहाण्या बाळासारखं चालायचं, पण ही फिल्म त्या बिचाऱ्याच्या आवाक्याबाहेरची. म्हणजे दोष नव्या कार्डातच. पण तो काय, ते सापडेना.

आणि भगवानरावांना वाटत होतं की तो आपल्याला माहीत आहे.

त्याचं असं झालं होतं. पार्सल आलं त्या सकाळी शिवानीनं खोकं टेबलावर ठेवून सांगितलं होतं, "बाबा, ह्याला हात लावू नका हां. स्टॅटिक असतं." आणि ती आंघोळीला गेली. स्टॅटिक हा कसला रोग ते भगवानरावांनी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. घरात एवढं महागाचं यंत्र आलं आणि त्याला साधं हळदीकुंकू नाही? फ्रिज आला, मिक्सर आला, शिवानीची स्कूटी आली, प्रत्येक वेळी शीलाताईंनी पूजा केली होती. भगवानराव तेव्हा हसायचे. "मिक्सरला कुंकू लावलंस, आता मंगळसूत्र पण घाल," असं म्हणायचे. पूजा करायची ती खऱ्या यंत्रांची, असं त्यांचं मत. कल्याणजवळच्या मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात कताई खात्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिथं दसऱ्याला मशीन धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून, सगळ्या पाळीच्या देखत थेट लोखंडावर बोटं उठवायची. त्या मशीनला कधी काही झालं नाही.

तर त्यांनी चंदेरी पिशवीतून कार्ड काढलं. चांगलं विटेएवढं, वजनदार, काळंकुट्ट. काळ्यावर कुंकू दिसेना. खालच्या कडेला मात्र सोनेरी दातांची एक रांग होती, लखलखीत. तीच शुभ जागा, असं त्यांच्या मनानं घेतलं. वाटीत पाणी घेऊन हळद कालवली, कुंकू कालवलं, आणि अनामिकेनं दोन्ही लावलं. हात जोडून, पोरीला घरातच काम मिळू दे, एवढंच मागितलं. तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं कार्ड घाईघाईनं पुसलं आणि पिशवीत सरकवलं. कुंकू सगळं निघालं. हळद निघाली की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण सोन्यावर हळद दिसत नाही.

पहिल्यांदा पडदा काळा झाला तेव्हाच त्यांना ती हळद आठवली होती. तेव्हाच सांगायचं, तर तोंड उघडेना. त्यांनी आडून आडून विचारून पाहिलं होतं, "शिवा, असल्या गोष्टीला पाणीबिणी लागलं तर बिघडतात का गं?"

"पाणी कशाला लागेल?" शिवानी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली होती.

"तेच. कशाला लागेल," असं म्हणून ते गच्चीत कपडे वाळत घालायला गेले होते. कपडे धुवायचेच राहिले होते, हे त्यांना वर गेल्यावर कळलं.

चहा झाला तोवर नेविल आला. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या गल्लीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. शिवानी कॉलेजात असताना हे मशीन त्यानंच याच घरात बसून जोडून दिलं होतं. आल्या आल्या त्यानं चपला काढल्या, चहाचा घोट घेतला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"काका, साखर स्वस्त झाली काय?"

"घे रे मुकाट्यानं."

नेविलनं सोबत मोठा पॉवर सप्लाय आणला होता. दोघं जमिनीवर मांडी घालून बसली. कॅबिनेटचं झाकण शिवानीनं केव्हाच काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. वायरी निघाल्या, दुसऱ्या लागल्या. भगवानराव दारात उभे राहून नुसते बघत होते. शिवानीनं फिल्म चालू केली. पडद्यावर फाटक उघडलं, झाडं आली, लिफ्टचं दार आलं, आणि सगळं काळं झालं.

"पॉवरचा इश्यू नाय मग," नेविल म्हणाला. "मी बोललेलो ना तुला फोनवर, कार्डच डाउट आहे. पीसच खराब आलाय. दुकानात परत दे."

"विचारलेलं ना त्यांना. कंपनीकडे पाठवतील, तीन-चार आठवडे जातील."

"दुसरीकडे कुठे फिल्म रेंडर मारून मिळेल काय? माझ्याकडे तर एवढं हेवी काय नाय."

"फाइल्स मॅडमच्या आहेत, अशा कोणाच्या पण मशीनवर नाही टाकता येत. आणि आज टाकली तरी उद्यापर्यंत होणार कधी?" शिवानीनं एक वायर हाताला गुंडाळली, मग पुन्हा सोडली. आवाज अगदी साधा होता. "जाऊ दे. मॅडमना फोन करते. आणि हैदराबादला हो सांगून टाकते, विषय संपला."

भगवानरावांना वाटलं होतं ती रडेल, चिडेल. ती चिडली असती तर कदाचित ते आणखी एक दिवस गप्प राहिले असते. पण तिनं मोबाइल उचलला आणि उत्तरा मॅडमचं नाव शोधायला लागली, इतक्या शांतपणे, की त्यांना ते सोसेना.

"थांब," ते म्हणाले. "मी त्याला हळदीकुंकू लावलंय."

दोघांनी वर पाहिलं.

"कशाला?" शिवानी म्हणाली.

"त्या कार्डाला. तू आंघोळीला गेलेलीस तेव्हा. खालती ते सोनेरी आहे ना, तिथं. पुसलं मी लगेच. पण ओलं होतं."

शिवानी त्यांच्याकडे बघतच राहिली. नेविलनं चहाचा कप हळूच बाजूला ठेवला.

"हळद पण?" तिनं विचारलं.

"आधी हळद, मग कुंकू. उलटं कसं लावणार?"

"बाबा, मी सांगितलेलं ना, हात नका लावू म्हणून."

"सांगितलेलंस. चुकलं माझं." त्यांचा आवाज खाली गेला. "तुझी आई असती तर तिनं लावलं असतं. ती नाही म्हणून मीच लावलं. तुला इथंच काम मिळावं म्हणून लावलं, आणि आता तू निघालीस."

मग शिवानीच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. ती हसू दाबत होती की रडू, हे भगवानरावांना कळेना. ती उठली, कपाटातून तिची जुनी कंपासपेटी काढली आणि खोडरबर घेऊन आली.

कार्ड पुन्हा बाहेर निघालं. नेविलनं मोबाइलचा उजेड धरला. सोनेरी दातांच्या रांगेत मधल्या मधल्या फटींत काहीतरी वाळून बसलं होतं, पिवळ्यावर पिवळं, डोळ्यांत तेल घालून पाहिल्याशिवाय दिसू नये असं. शिवानीनं हलक्या हातानं रबर घासलं. पांढरं रबर पिवळं झालं. दुसऱ्या बाजूनंही घासलं. नेविलनं कापसावर स्पिरिट घेऊन ती कड पुसली, मग कार्ड जिथं बसतं तो स्लॉट मऊ ब्रशनं आतून झाडला. ब्रशला लाल कण लागले.

"म्हणून साधं काय काम केलं तर चालायचं," तो म्हणाला. "लोड आला की कॉन्टॅक्ट तुटायचा. आमच्याकडे पण मम्मी नवीन काय आणलं की होली वॉटर शिंपडते, काका. मी सांगून ठेवलंय, आधी स्विच बंद कर, मग काय ते आशीर्वाद दे."

कार्ड बसलं. फिल्म सुरू झाली. फाटक उघडलं, झाडं आली, लिफ्टचं दार आलं, आणि दार उघडलं. जिना, व्हरांडा, नवी कोरी खोली, खिडकीतून येणारं ऊन, ओटा. पडद्याखालची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. शिवानीनं तिघांसाठी भाकऱ्या टाकल्या, भगवानरावांनी मटारची उसळ केली, ती जमलीही. जेवताना तिघांचं लक्ष पट्टीवरच. संध्याकाळ झाली तरी मशीन एकसुरात घुमत होतं, आणि पट्टी टोकाला जाऊन थांबली तेव्हा शिवानीनं आधी मॅडमना फोन केला आणि मग हैदराबादला दोन ओळींचा नकार लिहून पाठवला. पाठवायच्या आधी तिनं तो बाबांना वाचून दाखवला. भगवानरावांचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस न बोललेलं तेही बोलून गेले, "बरं झालं बाई. मला करमलं नसतं."

"माहितीये मला," शिवानी म्हणाली.

नेविल निघायच्या तयारीला लागला. भिंतीला टेकवलेलं कॅबिनेटचं झाकण त्यानं उचललं, बसवायला म्हणून फिरवलं आणि तसाच थांबला.

"हे बघा, अजून आहे."

पत्र्याच्या आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, हळदीचं बोट होतं आणि त्यावर कुंकवाचं. सुकून विटकरी झालेलं, पण जसंच्या तसं.

"हे कोणी?" भगवानरावांनी विचारलं, खरं तर त्यांना विचारायची गरज नव्हती.

"काकींनी. मशीन जोडत होतो ना मी, तेव्हा हळदीकुंकवाची कोयरी घेऊन उभ्या राहिल्या. मला विचारलं, कुठे लावलं तर चालेल रे तुझ्या मशीनला? मी बोललो, पत्र्याला लावा, काय होत नाय. तर बाहेरून नको बोलल्या. आतून लावते बोलल्या. आमचे हे बघतील आणि हसतील."

शिवानीनं खाली बघितलं. नेविलच्या लक्षात आलं असावं, तो वायरी पिशवीत भरायला लागला.

भगवानरावांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि झाकण उजेडाकडे धरलं. कुंकवात बोटाच्या रेषा उमटल्या होत्या. बारीक, एकाशेजारी एक, मधोमध वळलेल्या. इतकी वर्षं त्या हातचं खाल्लं, पण हे बोट त्यांनी कधी एवढं जवळून पाहिलं नव्हतं.

"बाबा, द्या इकडे, मी बसवते," शिवानी म्हणाली.

"राहू दे. मी बसवतो."

कार्ड आत घुमतच होतं. त्यांनी झाकण खाचेत बसवलं, ती बाजू आत ठेवून, आणि स्क्रू एकेक करून बोटांनीच आवळले.