अठरा दिवसांचा अबोला

दहा दिवसांच्या ध्यान शिबिरात सगळे मौनाला घाबरत होते. मला ते सोपं गेलं. मला तीस वर्षांचा सराव होता.

राग आला म्हणून मी बायकोवर कधी हात उचलला नाही, कधी शिवी दिली नाही. याचा मला केवढा गर्व! मी फक्त बोलणं बंद करायचो. कळमेश्वरच्या कारखान्यातून फिटरची पाळी संपवून यायचो, जेवायचो, भिंतीकडे तोंड करून झोपायचो. एकदा पंचफुलाने मला न विचारता आमची शिडी शेजाऱ्यांना दिली, तर अठरा दिवस. ती ताट वाढताना विचारायची, "भात वाढू?" आणि थोडं थांबून स्वतःच म्हणायची, "वाढते." शेजारी बसून गृहपाठ करणारी आमची दीक्षा हे ऐकत असायची.

पंचफुला जाऊन आता वर्ष होईल. दीक्षा धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे, तिथेच मैत्रिणीसोबत खोली घेऊन राहते. एकाच गावात आहोत, पण ती घरी येत नाही. आता माझा मीच विचारतो, "चहा ठेवू?" आणि मीच म्हणतो, "ठेव." सुरुवातीला याचं हसू यायचं.

शिबिरात एवढंच शिकलो की राग आला की लगेच उत्तर द्यायचं नाही. नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा आणि दहापर्यंत मोजायचा. तेवढ्यात राग ओसरतो. खरंच ओसरतो; गाडी आडवी लावणाऱ्या शेजाऱ्यावर मी प्रयोग करून पाहिला होता.

गुरुवारी दुपारी दीक्षाचा फोन आला. पंचफुलाच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे वर्षाच्या स्मरणाचा कार्यक्रम मी रविवारी ठेवला होता. विहारातल्या भंतेजींनाही सांगून झालं होतं.

"बाबा, मले न विचारता तारीख काहून ठरवली? रविवारी माही ड्यूटी आहे."

तुही माय काय तुह्या ड्यूटीले विचारून मेली? हे जिभेवर आलंच होतं. मी ओठ घट्ट मिटले. श्वास आत, श्वास बाहेर. एक. दोन. चारपर्यंत आलो आणि छातीतली आग उतरू लागली. मला तर स्वतःचं कौतुकच वाटलं.

"बाबा?"

पाच.

"झालं सुरू?" तिचा आवाज चिरकला. "आईले अठरा दिवस असंच छळलं ना तुम्ही? मी नाही येत रविवारी. बसा एकटेच."

फोन बंद झाला.

म्हणजे ते अठरा दिवस तिनेही मोजले होते. हे मौन वेगळं आहे, हे तिला कसं कळावं? बाहेरून दोन्ही सारखीच. मी राग गिळला, पण तिच्या कानाला ऐकू आला तो जुनाच बाप. रविवारी पंचफुलाच्या फोटोसमोर लेकीशिवाय बसायचं, या विचाराने मला रडू आलं.

मी फोन लावला. तिने उचलला नाही. चौथ्यांदा उचलला.

"दीक्षा, तो अबोला नव्हता वं. मी श्वास मोजून राहिलो होतो."

"काहून?"

"राग आला होता. वाईट बोललो असतो."

ती म्हणाली, "आता येऊन राहिला का राग?"

"थोडासा."

"मंग मोठ्यानं मोजा. तुम्ही तिकडे आहात का नाही, मले समजलं पाहिजे."

मी मोठ्याने मोजू लागलो. रिकाम्या घरात माझाच आवाज मला अनोळखी वाटत होता. सातला तिचा हुंदका ऐकू आला. मी दहापर्यंत गेलो.

"ड्यूटी बदलून भेटते का, पाहते," ती म्हणाली, आणि मग हळूच, "जेवून घ्या."

मी ताट घेतलं. "भात वाढू?" सवयीने तोंडातून निघालं. समोर पंचफुलाचा फोटो होता.

"वाढ," मी तिला म्हणालो.